सणासुदीची गर्दी आणि ऑनलाइन दुकानांची पूर्वतयारी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इंटरनेटवरील किरकोळ व्यापाराचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने दोन अंगांनी लिहिला जातो. एक भांडवलाचा, म्हणजे कोणी किती रक्कम उभी केली आणि कोणी कोणास विकत घेतले याचा. आणि दुसरा तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा. ऐन सणाच्या दिवशी ही दुकाने कोलमडली, हा प्रसंग या दोन्ही प्रकारच्या लेखनात अपघातासारखा येतो आणि परिच्छेद संपताच विसरला जातो. प्रस्तुत लेखात त्या प्रसंगांनाच केंद्रस्थानी ठेवले आहे. व्यापारी संस्थेची खरी घडण सामान्य दिवशी दिसत नाही; ती गर्दीच्या दिवशी दिसते, हे त्यामागील साधे कारण होय.

या विषयावरील बहुतेक लेखन अभियंत्यांनी केलेले असल्यामुळे त्यात गर्दी ही पावसासारखी गृहीत धरलेली असते : ती येणारच, आपण छत्री मोठी करावी. प्रस्तुत लेखकास हे गृहीतक मान्य नाही. गेल्या पंचवीस वर्षांतील उदाहरणे तपासली असता असे दिसते की, ऑनलाइन दुकानांवरील सणाची गर्दी बऱ्याच अंशी दुकानांनी स्वतःच बोलावलेली, आणि विशिष्ट तासाला बोलावलेली, गर्दी होती. त्यामुळे पूर्वतयारीचा इतिहास हा केवळ यंत्रांच्या संख्येचा इतिहास नाही. ग्राहकाला कोणते वचन दिले, कोणत्या वेळी बोलावले आणि वचन मोडल्यावर नुकसान कोणी सोसले, याचाही तो इतिहास आहे.

पूर्वपीठिका : टपाल-व्यापार आणि दूरध्वनी

न पाहिलेल्या ग्राहकाला दूरवरून माल पाठवण्याचा व्यवसाय इंटरनेटने निर्माण केलेला नाही. अमेरिकेतील ‘सीअर्स, रोबक’ या कंपनीने १९०६ मध्ये शिकागो येथे टपालाने येणाऱ्या मागण्यांसाठी प्रचंड इमारत उभारली आणि तेथे वेळापत्रकाची एक पद्धत बसवली. आलेल्या प्रत्येक मागणीस पंधरा मिनिटांचा एक ठरावीक अवधी नेमून दिला जाई. त्या अवधीत निरनिराळ्या विभागांतील वस्तू एका ठिकाणी जमा झाल्याच पाहिजेत, असा दंडक होता. एखाद्या विभागाची वस्तू वेळेत पोहोचली नाही तर ती मागाहून स्वतंत्रपणे पाठवली जाई व त्या खर्चाचा भार त्याच विभागावर पडे. याच कंपनीने १९३३ पासून नाताळसाठी स्वतंत्र सूचिपुस्तक काढण्यास प्रारंभ केला. सणाच्या मागणीला आधीपासून आकार देण्याची कल्पना अशी जुनीच आहे.

गर्दीचे गणित मात्र दुसऱ्याच क्षेत्रात जन्मले. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनीवरील मागण्यांच्या वितरणावर आणि १९१७ मध्ये प्रतीक्षेच्या वेळेवर आपले निबंध प्रसिद्ध केले. या गणिताचे मर्म अर्थशास्त्राच्या व इतिहासाच्या अभ्यासकांनीही समजून घेण्यासारखे आहे. एकच खिडकी असलेल्या साध्या रांगेत ती खिडकी निम्मा वेळ व्यस्त असेल, तर ग्राहकाचा एकूण वेळ प्रत्यक्ष कामाच्या वेळेच्या सरासरी दुप्पट होतो. नव्वद टक्के व्यस्त असेल तर दहापट, पंचाण्णव टक्के असेल तर वीसपट. म्हणजे शेवटच्या पाच टक्के गर्दीने प्रतीक्षा दुप्पट होते. सकाळपर्यंत उत्तम चालणारे दुकान दुपारी एकाएकी का ठप्प होते, याचे उत्तर येथे आहे. ते थोडे थोडे मंद होत जात नाही. काठावर पोहोचले की कोसळते.

त्यात ऑनलाइन दुकानाची एक वेगळीच अडचण आहे. पुण्यात दिवाळीच्या आधी तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर गेलेल्या माणसाला गर्दी डोळ्यांना दिसते. ती पाहून काही लोक परततात, काही दुसऱ्या गल्लीत शिरतात, काही दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येण्याचे ठरवतात. गर्दी स्वतःला काही प्रमाणात आवर घालते. संगणकासमोर बसलेल्या ग्राहकाला शेजारचे लाखभर ग्राहक दिसत नाहीत. त्याला दिसते ते न उघडणारे पान. तो पुन्हा कळ दाबतो, पुन्हा दाबतो, आणि दर वेळी आधीच वाकलेल्या यंत्रणेवर आणखी एक मागणी लादतो. बाजारातील अधीर माणूस फार तर धक्काबुक्की करतो. येथील अधीर माणूस नकळत दहा माणसे होतो.

१९९९ चा नाताळ

अमेरिकेत १९९८ चा नाताळ हा ऑनलाइन खरेदीचा पहिला मोठा हंगाम मानला जातो. त्या हंगामात ‘ॲमेझॉन’च्या गोदामांत माणसे कमी पडली आणि सिॲटल येथील कार्यालयातील कर्मचाऱ्यांना खोकी बांधण्यासाठी पाठवावे लागले. पुढच्या वर्षासाठी कंपनीने मोठ्या प्रमाणावर नवी वितरण केंद्रे उभारली. ‘टॉइज आर अस’ या खेळण्यांच्या प्रसिद्ध दुकानसाखळीच्या संकेतस्थळाने तितकी तयारी केली नव्हती. नोव्हेंबर १९९९ मध्ये जाहिरातींचा जोरदार मारा झाला, ग्राहक लोटले, आणि संकेतस्थळ अडखळू लागले. परंतु खरी नामुष्की पुढे होती. ज्यांच्या मागण्या स्वीकारल्या गेल्या होत्या, त्यांपैकी अनेकांना नाताळ अगदी तोंडावर आला असताना कळवण्यात आले की त्यांची खेळणी वेळेत पोहोचणार नाहीत. भरपाई म्हणून १०० डॉलरची कूपने देण्यात आली. नाताळच्या सकाळी मुलाला कूपन दाखवून भागत नाही, हे सांगण्यासाठी अर्थातच कोणत्याही संशोधनाची गरज नाही.

जुलै २००० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘टॉइज आर अस’, ‘मेसीज’, ‘सीडीनाउ’, ‘केबीकिड्स’ यांच्या संकेतस्थळांसह सात विक्रेत्यांवर कारवाई केली. एकूण दंड १५ लाख डॉलरचा होता. या कारवाईसाठी नवा कायदा करावा लागला नाही. टपालाने होणाऱ्या विक्रीसाठी १९७५ मध्ये केलेला आणि पुढे दूरध्वनीवरील विक्रीस लागू केलेला नियम येथे वापरण्यात आला. या नियमानुसार विक्रेत्याने अमुक दिवसांत माल रवाना करू असे सांगताना त्या सांगण्यास वाजवी आधार असला पाहिजे. विलंब होणार असेल तर ग्राहकास तसे कळवून मागणी रद्द करण्याचा व पैसे परत घेण्याचा पर्याय दिला पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत शहाणपणाचे कलम हेच होय. दुकानाकडे किती यंत्रे आहेत, हे ते विचारत नाही. आपली क्षमता ठाऊक असताना वचन दिले होते काय, एवढेच विचारते.

ऑगस्ट २००० मध्ये ‘टॉइज आर अस’ने आपली ऑनलाइन विक्री दहा वर्षांच्या कराराने ‘ॲमेझॉन’कडे सोपवली. हा करार पुढे न्यायालयात गेला आणि २००६ मध्ये संपुष्टात आला.

अपुऱ्या तयारीचे हे उदाहरण सर्वत्र सांगितले जाते. अतिरिक्त तयारीचे उदाहरण मात्र कमी सांगितले जाते. ‘ईटॉइज’ या कंपनीने २००० च्या नाताळासाठी मोठी क्षमता उभी केली. अपेक्षेइतकी विक्री झाली नाही आणि मार्च २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. ‘ॲमेझॉन’नेही जानेवारी २००१ मध्ये १,३०० कर्मचाऱ्यांची कपात केली व जॉर्जिया राज्यातील एक वितरण केंद्र बंद केले. वर्षातील सहा आठवड्यांसाठी बांधलेली इमारत उरलेले शेहेचाळीस आठवडेही खर्च मागत असते.

यंत्रांची तयारी

पुढील दशकात भर गोदामांकडून यंत्रांकडे वळला. छायाचित्रे व स्थिर पाने ग्राहकाच्या जवळच्या सर्व्हरवर साठवून ठेवण्याची सेवा १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘अकामाय’सारखी कंपनी पुरवीत होती. त्यामुळे दुकानाची दर्शनी बाजू सावरली. आतील हिशेबाची वही, म्हणजे शिल्लक माल, टोपली आणि पैसे यांची नोंद ठेवणारा विदासंच, मात्र एकच राहिला आणि तोच अडथळा ठरू लागला. २००४ च्या सणाच्या हंगामात ‘ॲमेझॉन’ला ऐन गर्दीत अनेकदा खंड सोसावे लागले. त्यातून झालेल्या पुनर्विचाराचे फळ म्हणजे ‘डायनामो’ ही साठवणयंत्रणा. तिच्यावरील निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. या यंत्रणेतील मूळ निर्णय तांत्रिक दिसत असला तरी तो खरा वाण्याचा निर्णय आहे : काही यंत्रे बंद पडली, नोंदी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, तरी ग्राहकाने टोपलीत टाकलेली वस्तू नाकारायची नाही. नोंदींचा मेळ नंतर घालता येईल. क्वचित काढून टाकलेली वस्तू टोपलीत पुन्हा दिसेल, पण टाकलेली वस्तू हरवता कामा नये. उधारीच्या वहीत रात्री हिशेब जुळवणाऱ्या दुकानदाराला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तरीही यंत्रांच्या भरवशावर सर्व काही निभावत नाही, याचा प्रत्यय २३ नोव्हेंबर २००६ रोजी आला. त्या दिवशी ‘ॲमेझॉन’ने ‘एक्सबॉक्स ३६०’ हे खेळयंत्र १०० डॉलरला देऊ केले. नग होते १,०००. ठरलेली वेळ झाली आणि संकेतस्थळ काही मिनिटे बहुतेकांना उघडेनासे झाले. हजार वस्तूंसाठी एकाच क्षणी अख्ख्या देशाला दाराशी उभे केले, तर दार किती रुंद करावे, या प्रश्नाला अभियांत्रिकीत समाधानकारक उत्तर नाही.

येथे एका प्रचलित समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. नाताळासाठी घेतलेले सर्व्हर वर्षभर रिकामे राहत, म्हणून ‘ॲमेझॉन’ने ते भाड्याने देण्यास सुरुवात केली आणि त्यातून २००६ मध्ये क्लाउड सेवा जन्मली, असे वर्गांतूनही सांगितले जाते. कंपनीचे तंत्रप्रमुख वेर्नर फोगेल्स यांनी ही कथा निराधार असल्याचे स्पष्ट केले आहे. आणि थोडा विचार केला तर ती टिकतही नाही. कारण भाडेकरू ठेवल्यावर पुढच्या नाताळला घर रिकामे कसे मिळणार? एवढे मात्र खरे की, भाड्याने मिळणाऱ्या यंत्रांमुळे लहान दुकानदारालाही सहा आठवड्यांपुरती क्षमता घेणे शक्य झाले. ‘ईटॉइज’ला हा मार्ग उपलब्ध नव्हता.

दिवसाला नाव देणे

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारला ‘ब्लॅक फ्रायडे’ हे नाव फिलाडेल्फियाच्या पोलिसांत १९६० च्या सुमारास रूढ झाले होते. रस्त्यांवरील कोंडीला वैतागून त्यांनी ते दिले होते. व्यापाऱ्यांना ते प्रारंभी आवडलेही नाही. ‘सायबर मंडे’चे तसे नाही. हे नाव ‘शॉप डॉट ऑर्ग’ या व्यापारी संघटनेने नोव्हेंबर २००५ मध्ये जाणीवपूर्वक प्रचारात आणले. त्या वेळी तो सोमवार ऑनलाइन खरेदीचा सर्वांत मोठा दिवस नव्हता. २०१० मध्ये मात्र त्या एका दिवसाची अमेरिकेतील ऑनलाइन विक्री प्रथमच १०० कोटी डॉलरच्या वर गेली. आधी नाव आले, मागून गर्दी आली.

चीनमधील ‘अलीबाबा’ने हाच मार्ग टोकाला नेला. ११ नोव्हेंबर हा विद्यार्थ्यांनी गमतीने पाळलेला एकट्या माणसांचा दिवस. ऑक्टोबरमधील राष्ट्रीय सुट्टी आणि वसंतोत्सव यांच्या मधल्या मोकळ्या काळात विक्रीचे निमित्त हवे, म्हणून २००९ मध्ये डॅनिअल झांग यांच्या पुढाकाराने २७ विक्रेत्यांना घेऊन या दिवशी सवलतीची विक्री सुरू झाली. कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार पहिल्या वर्षी गर्दीच्या कळसाला सेकंदाला सुमारे ४०० मागण्या येत होत्या. २०१९ मध्ये ही संख्या ५,४४,००० झाली. कंपन्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेले आकडे हे इतिहासाचे साधन म्हणून जपून वापरावेत, हे येथे नमूद करतो. परंतु वाढीची दिशा निर्विवाद आहे.

२०१२ च्या मध्यरात्री उडालेल्या गोंधळानंतर ‘अलीबाबा’च्या अभियंत्यांनी २०१३ पासून संपूर्ण साखळीची रंगीत तालीम घेण्याची पद्धत सुरू केली. तोवर एकेका भागाची चाचणी होत असे आणि प्रत्येक भाग उत्तीर्ण होत असे. एकत्र आल्यावर मात्र टोपली, शिल्लक, पैसे, कुरिअर यांची साखळी सर्वांत अशक्त कडीपाशी तुटे. नव्या पद्धतीत प्रत्यक्ष चालू असलेल्या यंत्रणेवरच, वेगळी खूण केलेल्या खोट्या मागण्यांचा लोंढा सोडला जाऊ लागला. कोणत्या सुविधा वेळप्रसंगी बंद करायच्या, हेही आधी ठरू लागले. शिफारशी दिसल्या नाहीत तरी चालेल, पैसे भरण्याची खिडकी चालली पाहिजे. लग्नघरी जेवणावळीच्या दिवशी कोणते पदार्थ कमी करता येतील हे आचारी आधीच मनाशी ठरवून ठेवतो, तसेच हे.

भारत : ६ ऑक्टोबर २०१४

भारतातील ऑनलाइन व्यापाराचा आरंभकाळ मुंबईशी निगडित आहे. ‘रेडिफ’ १९९६ मध्ये आणि ‘बाझी’ २००० मध्ये येथेच सुरू झाले. परंतु सणाच्या गर्दीने यंत्रणा मोडण्याइतका ग्राहकवर्ग तयार होण्यास आणखी दशक लागले. डिसेंबर २०१२ मध्ये ‘गूगल’ने अनेक दुकानांना एकत्र आणून भरवलेल्या ऑनलाइन खरेदी महोत्सवाचे संकेतस्थळ आरंभीच कोलमडले. त्या घटनेकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नाही.

‘फ्लिपकार्ट’ने २०१४ मध्ये ‘बिग बिलियन डे’ जाहीर केला. दिवस सोमवार, ६ ऑक्टोबर. दसरा तीन दिवसांपूर्वी होऊन गेला होता, दिवाळी सतरा दिवसांवर होती, आणि त्या दिवशी बकरी ईदची सुट्टी होती. ही तारीख निवडण्यामागे पंचांगाचा विचार नव्हता. बंगळुरूमधील ज्या ६१० क्रमांकाच्या सदनिकेत कंपनीची सुरुवात झाली, त्या क्रमांकावरून ती घेतल्याचे सांगितले गेले. विक्री सकाळी आठला सुरू झाली. पाने उघडेनात, टोपलीतील वस्तू पैसे भरेपर्यंत संपल्याचे दिसे, आणि स्वीकारलेल्या मागण्या नंतर रद्द झाल्या. काही वस्तूंच्या किमती विक्रीआधीच बदलल्याचे ग्राहकांच्या लक्षात आले. दहा तासांत ६०० कोटी रुपयांची विक्री झाल्याचे कंपनीने जाहीर केले, आणि दुसऱ्याच दिवशी सचिन बन्सल व बिन्नी बन्सल या संस्थापकांनी ग्राहकांना पत्र लिहून क्षमा मागितली.

हे क्षमापत्र अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचे साधन आहे. सुमारे ५,००० सर्व्हर लावले होते, नेहमीच्या वीसपट गर्दीची तयारी केली होती, तरी प्रत्यक्ष गर्दी त्याहून जास्त झाली, असे त्यात नमूद आहे. मालाचा साठा अपुरा होता, किमतींत चढउतार झाले, मागण्या रद्द झाल्या, हेही मान्य केले आहे. या कबुलीत प्रामाणिकपणा आहे यात शंका नाही. तथापि सर्व्हर अपुरे पडणे आणि माल नसताना मागणी घेणे या दोन गोष्टी एकाच यादीत ठेवणे उचित नाही. पहिली अंदाजातील चूक होय. दुसरी वाजवी आधार नसताना दिलेल्या वचनाच्या जवळ जाते. सुट्टीची सकाळ पडद्यासमोर घालवून हाती काही न लागलेल्या ग्राहकाला त्यातील फरक उमगला असावा. वृत्तपत्रीय चर्चेत मात्र तो हरवला. चर्चा लवकरच किरकोळ व्यापाऱ्यांच्या तक्रारींकडे, म्हणजे तोट्यात विक्री करून बाजार बळकावण्याच्या प्रश्नाकडे वळली. तत्कालीन वाणिज्य राज्यमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्यात लक्ष घालण्याचे सांगितले. तो प्रश्न महत्त्वाचा होताच. मार्च २०१६ च्या थेट परकीय गुंतवणूकविषयक टिपणात विक्रीच्या किमतीवर प्रभाव न टाकण्याची अट घालण्यात आली, तिची पार्श्वभूमी हीच.

पुढील वर्षी कंपनीने तंत्रज्ञानात सुधारणा केल्याच. पण सर्वांत परिणामकारक बदल दिनदर्शिकेतील होता. २०१५ ची विक्री एका दिवसाची न ठेवता १३ ते १७ ऑक्टोबर अशी पाच दिवसांची केली गेली, आणि निरनिराळ्या वस्तू निरनिराळ्या दिवशी मांडण्यात आल्या. १३ तारखेला घटस्थापना होती. ‘ॲमेझॉन’नेही भारतात तेच पाच दिवस निवडले. म्हणजे आपल्या बाजारपेठेने नवरात्र ते दिवाळी असा जो लांब हंगाम पिढ्यान्‌पिढ्या पाळला, त्याच्याकडे ही दुकाने एका वर्षाच्या अनुभवानंतर परत आली. ‘अलीबाबा’नेही २०२० मध्ये एका दिवसाऐवजी १ ते ३ नोव्हेंबर आणि ११ नोव्हेंबर असे दोन टप्पे केले.

गोदाम, माणूस आणि कायदा

पडद्यावरील गर्दी ओसरली की ती गोदामात येते. महाराष्ट्रात तिचे ठिकाण भिवंडी. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, न्हावाशेवा बंदराच्या व महामार्गाच्या सान्निध्यात असल्यामुळे या यंत्रमागांच्या शहराभोवतीच्या गावांत गोदामे वाढली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकात गेली, गोदामे राहिली. ऑनलाइन दुकानांच्या पूर्वतयारीत सर्व्हरइतकाच मोठा भाग येथील हंगामी भरतीचा असतो. भाड्याने घेतलेला सर्व्हर दिवाळीनंतर परत करता येतो. त्याच हिशेबाने घेतलेल्या माणसाचेही तेच होते, आणि ही तुलना कंपन्यांच्या अभियांत्रिकी लेखनात कोठेही आढळत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग’ व ‘प्लॅटफॉर्म’ कामगारांची व्याख्या प्रथमच कायद्यात आली. मात्र सणाच्या सहा आठवड्यांसाठी कंत्राटदारामार्फत गोदामात उभा राहणारा कामगार बहुधा या व्याख्येत बसत नाही. त्याचे नाते कंत्राटी कामगारांच्या जुन्या प्रश्नाशी आहे.

ग्राहकापुरते पाहिले तर ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मध्ये एक लक्षणीय तरतूद आहे. मागणी निश्चित झाल्यावर ग्राहकाने ती रद्द केल्यास त्याच्यावर शुल्क लावायचे असेल, तर कंपनीने एकतर्फी मागणी रद्द केल्यास तिनेही तसेच शुल्क सोसले पाहिजे. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी रद्द झालेल्या मागण्या डोळ्यांसमोर ठेवून हे वाचावे. तरतूद न्याय्य आहे, परंतु तिचा मार्ग बाजूचा आहे. कंपनीने ग्राहकाकडून शुल्क घेतलेच नाही, तर तिच्यावरही काही बंधन येत नाही, आणि बहुतेक मोठी दुकाने माल रवाना होण्यापूर्वी रद्द केलेल्या मागणीवर शुल्क घेत नाहीत. माल रवाना करण्याची मुदत सांगताना त्यास वाजवी आधार असला पाहिजे, हे १९७५ चे अमेरिकी कलम ज्या प्रश्नाला थेट हात घालते, तो प्रश्न आपल्याकडे अनुचित व्यापारी प्रथेच्या सर्वसाधारण व्याख्येतून, एकेका तक्रारीने, ग्राहक आयोगापुढे मांडावा लागतो. तीनशे रुपयांच्या रद्द झालेल्या मागणीसाठी तेथवर जाणारे ग्राहक किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.